पहिली ओटी घरची

मार्गशीर्ष लागला की आमच्या मळ्यातली दुपार मेथीच्या वासानं जड होते. उपटलेली मेथी पाटाच्या पाण्यात बुचकळली की मुळांची माती सुटते आणि त्या ओल्या मातीत मिसळलेला कडवट, हिरवा वास वर येतो. नाकापेक्षा तो हाताला जास्त लागतो. बोटांच्या पेरांत शिरतो, साबणानंही जात नाही. लहानपणी शाळेत मी वर्गात शिरलो की पोरं नाक मुरडून म्हणायची, "मेथी आली." मला राग यायचा नाही. मेथी आलीच असायची.

परवा तो वास पुन्हा आला. मळ्याच्या उत्तरेला आता इमारती उभ्या राहिल्यात, त्यांच्या गॅलऱ्यांत लोक चहा घेऊन उभे राहतात आणि आमच्या वाफ्यांकडे बघतात. आम्ही त्यांना चित्रासारखे दिसत असू. नाशिक इतकं जवळ सरकून आलं, पण वासानं आपली जागा सोडलेली नाही. तो आला की त्याच्यामागून एक जुना हिवाळा येतो आणि माझ्याशेजारी बसतो. त्या हिवाळ्याबद्दल मी इतकी वर्षं कुणाशी बोललो नव्हतो. तसा मी बोलणारा माणूसच नाही. घरात म्हणतात, दत्तूला विचारलं तर हूं म्हणेल, नाही विचारलं तर तेवढंही नाही. पण पन्नाशीजवळ आलं की न बोललेलं घशात मुळ्यासारखं वाढायला लागतं. म्हणून लिहितोय.

आमचं घर पालेभाजीचं. वडील लवकर गेले, मळा आईनं ओढला. थोडा माल गोदाकाठी, गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात बसून विकायचा, बाकी सगळा संध्याकाळी मार्केट यार्डात लिलावाला. तिथं मेथी शेकड्यानं जाते. कुणी जुड्या मोजत बसत नाही, ज्याच्या त्याच्या नावावर विश्वास. आमच्या आईच्या नावावर तो होता. बाईमाणूस एकटी लिलावात उभी राहते म्हणून आधी हसणारे व्यापारी पुढे तिच्या मालाचं बारदानही उचलून बघेनासे झाले. ते नाव टिकवायला तिनं घरात एक कायदा केला होता. जुडी मोडायची नाही. जुडी मोडली की शेकडा मोडतो, शेकडा मोडला की नाव मोडतं.

कायदा साधा होता, पण त्यानं आमच्या घरात एक चमत्कारिक गोष्ट झाली. वाफ्यात असेपर्यंत ती मेथी. उपटली, धुतली, भिजवलेल्या केळीच्या सालीनं बांधली की तो माल. आणि माल कुणी खातं का? आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत हेच. दिवसभर आमचे हात मेथीत, शेपूत, पालकात बुडालेले, आणि रात्री ताटात चटणी-भाकरी. फार तर बटाट्याचा रस्सा. बटाटा आम्ही विकत आणायचो. हसू नका.

निर्मला लग्न होऊन आली ती विंचूरकडची. कांद्याच्या घरातली, हसरी. पहिल्या वर्षी तिला दिवस राहिले. एका दुपारी माल बांधून तयार होता, ओळीनं रचलेला, मुळं बाहेर, पाला आत. मी बारदान भिजवत होतो. ती आली, वरची एक जुडी उचलली आणि पदराखाली धरली. चोरी नव्हती ती, तिला नुसती खावीशी वाटली होती. छपराच्या कडेला बसलेल्या आईनं वर बघितलं. नुसतं बघितलं, बोलली काहीच नाही. मी आईच्या बोलण्याची वाटसुद्धा पाहिली नाही. निर्मलाच्या हातातून जुडी घेतली आणि होती तिथं परत खोचली. तिनं हात पदराला पुसला आणि आत गेली.

सातव्या महिन्यात ते मूल गेलं. अंगात रक्तच नव्हतं, असं दवाखान्यात म्हणाले.

एका जुडीनं काय झालं असतं, हे मलाही कळतं. पण ती एकच जुडी नव्हती. त्या दिवसानंतर तिनं कधी कशाला हात लावला नाही.

पुढच्या हिवाळ्यात कुंदाताई आल्या. शहरातल्या कुठल्याशा संस्थेकडून मळ्यामळ्यांतल्या बायकांसाठी आहाराचे वर्ग घ्यायच्या. लूनावरून यायच्या, मागं पिशवी बांधलेली, पिशवीत स्टोव्ह, कढई आणि गुंडाळलेली चित्रं. बायकांना वर्गाला जायला वेळ नव्हता, तेव्हा वर्गच आमच्या छपरात आला, जुड्या बांधायच्या जागी. हात चालू, कान मोकळे.

पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या, "रोजच्या जेवणात एक तरी पालेभाजी असावी."

बायका एकमेकींकडं बघून हसल्या. शेजारच्या मळ्यातल्या गिरजाकाकू, ज्यांच्या तोंडाला देवानं दार केलेलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "ताई, दिसभर हाताला मेथीचा वास असतो. निम्मं पोट वासानंच भरतं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते च्यानं."

ताईंनी विचारलं, काल रात्री काय जेवलात? चटणी-भाकर. बटाटा. शेवेचा रस्सा. पुन्हा चटणी-भाकर.

"आणि भाजी?"

"ती मार्केटला गेली," गिरजाकाकू म्हणाल्या. "मोठ्याची हाय ती. आमच्यात बसून जेवत नाय."

ताई रागावल्या नाहीत. पिशवीतून एक हातआरसा काढला आणि डोळ्याची खालची पापणी ओढून आत कसं बघायचं ते दाखवलं. आतून लाल दिसायला हवं. मग काय, सगळ्या एकमेकींच्या पापण्या ओढायला लागल्या. "तुझा डोळा बघ, फ्लॉवर परवडला." "तुझा काय टमाटा हाय का?" हसणं पार रस्त्यापर्यंत जात होतं. आरसा फिरत फिरत निर्मलापाशी आला आणि हसणं थांबलं. मी पाठमोरा होतो, तरी ते थांबलेलं मला ऐकू आलं.

त्याच दिवशी ताईंना फ्लॉवरच्या पाल्याचा ढीग दिसला. "हा टाकून देता?"

"टाकत नाय, म्हशीला घालतो."

"अहो, गड्ड्यापेक्षा या पाल्यात लोह जास्त असतं."

गिरजाकाकूंनी मान वळवून आमच्या म्हशीकडं निरखून बघितलं. तिची कातडी तेल लावल्यासारखी चमकत होती. "म्हंजी या घरात नीट जेवती ती एकटीच," त्या म्हणाल्या. "ताई, लिहून घ्या. पुढल्या जन्मी मी दत्तूच्या घरची म्हैस व्हनार." लांब बसलेल्या आईनंही तोंडाला पदर लावला.

आई वर्गात बसायची नाही. तिकडच्या टोकाला पाठ करून जुड्या बांधत राहायची. पण तिचे हात अधूनमधून थांबायचे. आईचे हात थांबणं म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत.

पुढच्या खेपेला ताईंनी स्टोव्ह पेटवून त्या पाल्याची भाजी केली. जाड देठांसकट केली. गिरजाकाकू बराच वेळ चावत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, चव झ्याक हाय. फक्त म्हशीचे दात द्या." सगळ्यात जास्त ताईच हसल्या. मग बायकांनी कढई आपल्या हातात घेतली. आतला कोवळा पाला बारीक चिरायचा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ठेचलेला लसूण. वरून लिंबू पिळा, ताई म्हणाल्या, म्हणजे लोह अंगी लागतं. तेही पटलं. पण जेवणावर लगेच चहा नको, असं त्या म्हणाल्या आणि बंड झालं. "च्या सोडायचा? मंग वर्ग सोडतो आमी." शेवटी तह झाला. चहा राहील, पण जेवणापासून लांब बसेल. जावयासारखा.

हे सगळं हसण्यावारी लिहितोय, पण त्या हसण्याखाली एक भीती सरपटत होती. निर्मलाला पुन्हा दिवस राहिले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी ओढून बघितली आणि आईकडं वळून म्हणाल्या, "मागच्यासारखं व्हायला नको असेल तर हिला खाऊ घाला. नुसत्या लोहाच्या लाल गोळ्यांनी भागणार नाही." परतताना आई रिक्षातून बाहेर बघत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मळे होते, हिरवेगार, नजर संपेपर्यंत भाजीच भाजी.

तोवर फ्लॉवर निघून गेला होता. वाफ्यांत आता मेथीच होती, आणि मेथी म्हणजे माल. ताईंनी एकदा आईसमोर बसून हळूच म्हटलं, "रोज एक जुडी घरात ठेवा ना."

"आमच्यात जुडी मोडत नाय," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. ताई पिशवी आवरायला लागल्या. मी तिथंच होतो. माझ्या जिभेवर एक वाक्य आलं, आणि नेहमीसारखं तिथंच बसून राहिलं.

दुसऱ्या दिवशीची दुपार मला वर्षानुवर्षं आतून उजेड देत आली आहे. उपटणी सुरू व्हायची होती. बायका छपरात केळीच्या साली भिजवत होत्या. एवढ्यात आई उठली, लुगड्याचा ओचा खोचला आणि एकटीच वाफ्यात उतरली. उकिडवी बसून दोन्ही हातांच्या कवेत मावेल तेवढी मेथी तिनं उपटली, मुळं पाटात खळखळून धुतली आणि तशीच टपटपत छपरात आली.

"निर्मले, ऊठ. पदर धर."

"कशाला, आत्याबाई?"

"धर म्हनते ना."

निर्मलानं पदर पसरला. आईनं सगळी मेथी त्यात ओतली. पाणी गळून तिची साडी भिजली, पायाशी चिखल झाला. कुणाला काही कळेना.

"ही बांधलेली नाय," आई म्हणाली. "बांधली नाय तर जुडी नाय. जुडी नाय तर माल नाय. ही मेथी हाय. जा, निवड."

सगळ्यांत आधी गिरजाकाकूंना वाचा फुटली. "अगं बया, सुनंची वटी भरली का काय? नारळ कुठंय मंग?"

"नारळाला काय करायचं," आई म्हणाली, "त्यानं रगत वाढतं व्हय?"

निर्मला दोन्ही हातांनी पदर पोटाशी धरून घरात गेली. तशी चालताना मी तिला कधी बघितली नव्हती. काहीतरी जिंकून नेल्यासारखी. त्या संध्याकाळी लिलावाला शेकडे पुरे गेले. एकही जुडी मोडली नव्हती. आईनं आपला कायदा मोडला नव्हता. त्याच्याच आत शिरून तिनं दार उघडलं होतं.

मग रोजचंच झालं. उपटणीची पहिली ओटी घरची, मग माल. मेथीचे मुटके, मेथीची पातळ भाजी दाण्याचं कूट लावून, भाकरीच्या पिठात मेथी. दुपारी गूळ-शेंगदाणे. लाल गोळी तिला मळमळायची म्हणून ती गुपचूप राखेत टाकायची, ती आता जेवणानंतर लिंबाच्या पाण्याबरोबर जायला लागली. आईनं तिला आपल्याबरोबर पानावर बसवलं. आधी ती लाजून घास लपवून खायची. नंतर सगळ्यांसमोर "अजून वाढा" म्हणायला लागली. ताईंचा आरसा पुन्हा फिरला तेव्हा गिरजाकाकूंनी तिची पापणी ओढली आणि ओरडल्या, "हिचा बघा, गावठी टमाटा."

आठवडाभरात गिरजाकाकूंच्या मळ्यात पहिली ओटी घरी गेली. मग त्यांच्या पलीकडच्या, मग पाटाच्या पलीकडच्या. कुणाची शेपूची, कुणाची पालकाची. पोरांच्या डब्यात हिरवं दिसायला लागलं. आमची म्हैस तेवढी थोडी रोडावली. क्रांतीत कुणाचं तरी जातंच.

ऐन उन्हाळ्यात मुलगी झाली. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभा होतो. आतून रडणं आलं. रडणं कसलं, दारावर धडका होत्या त्या. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "आवाज बघा पोरीचा." मला का कोण जाणे शाळेतल्या पोरांचं ते वाक्य आठवलं. मेथी आली. मी हसलो, आणि मग भिंतीकडंच तोंड करून उभा राहिलो, कारण नुसतं हसू राहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी कुंदाताईंनी एका शाळेच्या हॉलमध्ये बायकांचा मेळावा घेतला. चांदवडकडच्या आल्या होत्या, वणीच्या बाजूच्या आल्या होत्या. आईला स्टेजवर बसवलं होतं. ती खुर्चीवर मांडी घालून बसली होती, चपला खाली नीट जोडून. तिच्यासमोर माईक धरला तेव्हा तिनं तो आधी बाजूला सारला.

"मला बोलता येत नाय. एकच सांगते. बांधायच्या आधी घरचं काढा. एकदा बांधली का मंग कोनाला काढवत नाय. मला बी काढवली नाय. माझ्या सुनंनं एक जुडी घेतली व्हती, ती माझ्या धाकानं परत गेली. ते मूल ऱ्हायलं नाय. तुमी तसं करू नका."

टाळ्या वाजल्या त्या थांबेनात. बायका उभ्या राहिल्या. आई गोंधळून चपला शोधायला लागली.

मी मागं दारापाशी, गाड्या लावून उभ्या असलेल्या पुरुषांत होतो. जुडी घेणारा हात आईचा नव्हता, माझा होता. उठून सांगायला एवढं एकच वाक्य लागत होतं. निर्मला पोरीला मांडीवर घेऊन पुढं बसली होती. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग पुढं वळली आणि टाळ्या वाजवायला लागली. पोरीचे हात हातात धरून तिलाही वाजवायला लावल्या.

त्या टाळ्यांचा आनंद मला कधी पुरता घेता आला नाही. इतक्या वर्षांत एवढंच एक उणं राहिलं. बाकी सगळं भरून आलं. चांदवडकडच्या बायका कांद्याची पात बाजाराआधी घरात काढायला लागल्या, हे ताईंनी मुद्दाम येऊन सांगितलं. कुठल्या कुठल्या वस्तीवर म्हणे लेकीची पाठवणी करताना सांगतात, पहिली ओटी घरची, विसरू नको. हे कुठून आलं ते त्यांना माहीतही नसेल. आमची आशू शाळेच्या संघातून खो-खो खेळते. ती पळायला लागली की मैदानाच्या कडेची माणसं बोलायची थांबतात. मी लांब, झाडाखाली उभा राहतो. माझ्या मनात तेव्हा काय चाललेलं असतं ते तिला ठाऊक नाही. असायचं कारणही नाही.

आई दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. दुखवट्याच्या घरी शेजारपाजारचे जेवण आणून देतात. आमच्याकडं मळ्यामळ्यांतल्या बायका आल्या त्या ओटीत भाजी घेऊनच. मेथी, शेपू, पालक, करडई, कांद्याची पात. उंबऱ्याशी ठेवून जायच्या. संध्याकाळपर्यंत दारात हिरवा ढीग झाला, आणि त्यात एकही जुडी नव्हती. सगळी मोकळी. राजाला असा निरोप मिळत असेल की नाही, मला शंका आहे.

परवा मेथीची पहिली उपटणी झाली. टेम्पो भरून उभा होता. ड्रायव्हर तंबाखू मळत होता. मी कडेनं फिरून ओलं बारदान नीट करत होतो आणि निर्मला पाटाकडून हात धुऊन येताना दिसली. काय झालं माहीत नाही. मी बारदान उचललं, वरची एक जुडी काढली आणि तिच्यापुढं धरली. बोलायचं होतं. वाक्य इतक्या वर्षांचं तयार होतं. तोंडातून आलं एवढंच, "घे."

तिनं जुडीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"ही तवाची का?"

"हूं."

मग पाट फुटल्यासारखं झालं. "आई त्या दिवशी स्टेजवर म्हणाली ना, तिच्या धाकानं. तिचं नव्हतं ते. ती काही बोललीच नव्हती. हात माझा होता."

"मला ठाऊक नाय व्हय?" निर्मला म्हणाली. "माझ्याच हातातून घेतली व्हती."

माझ्या हातातल्या जुडीचं पाणी पायावर ठिबकत होतं.

"आत्याबाईंना बी ठाऊक व्हतं. तुमी बोलनार नाय, म्हनून त्या बोलल्या. धाक त्यांचा, हात तुमचा, न् गप मी बसले. सगळं तुमच्या एकट्याच्याच वाटंला कसं येईल?"

तिनं माझ्या हातातून जुडी घेतली. नाकाशी धरली. मग टेम्पोपाशी जाऊन जिथली होती त्याच फटीत, मुळं बाहेर, पाला आत, नीट खोचली आणि वरून बारदान ओढलं.

"घरचं कवाच घरात गेलंय," ती म्हणाली. "हा माल हाय. शेकडा मोडू नका."

टेम्पो निघाला. स्वयंपाकघरातून आशूनं ओरडून विचारलं, "आई, मेथीत डाळ घालू का दाणे?"

"दोन्ही घाल," निर्मला म्हणाली, आणि घरात गेली.